मशीन लावून गुडघ्याची गादी भरते का?

पाथर्डी-शेवगावकडची शेकडो कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात. दिवसभर वाकून कोयता, नंतर डोक्यावर मोळी. पन्नाशी यायच्या आत गुडघे कुरकुरू लागतात. "गादी झिजली," असं डॉक्टर सांगतात. मग लोणी किंवा विळद घाटासारख्या ठिकाणी फिजिओथेरपीसाठी गेल्यावर कधी गुडघ्यावर जेल लावून अल्ट्रासाउंडचं मशीन फिरवलं जातं. गादी पुन्हा भरेल, ही आशा तिथेच रुजते.

या मशीनच्या हेडमधला स्फटिक वीज मिळताच सेकंदाला दहा लाख वेळा थरथरतो. स्फटिक दाबला की वीज निर्माण होते, हे क्युरी बंधूंनी १८८० साली दाखवलं होतं. इथे तोच गुण उलटा वापरलाय. या थरथरीतून निघालेल्या ध्वनिलहरी मधे हवा राहिली तर परत फिरतात, म्हणून जेल. लहरी सलग सोडल्या तर ऊब मिळते, तुटक सोडल्या तर फारशी नाही.

ऊब मिळाली म्हणजे गादी, म्हणजेच कूर्चा, वाढली असं मात्र नाही. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, पेशीही विरळ. ती एकदा गेली की भरून येत नाही, असं शरीररचनातज्ज्ञ विल्यम हंटरने लंडनमध्ये १७४३ सालीच सांगितलं होतं. तिच्यात मज्जातंतूही नाहीत, त्यामुळे झीज बरीच पुढे जाईपर्यंत कळतही नाही.

प्रयोगशाळेत चित्र वेगळं आहे. अमेरिकेतल्या कनेक्टिकट विद्यापीठाच्या गटाने सशांच्या गुडघ्यात एक खास जेल टोचलं. त्यातले अतिसूक्ष्म तंतू अल्ट्रासाउंडने हलले की किंचित वीज तयार होते. दोनेक महिन्यांत तिथे नवी कूर्चा दिसली. निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. पण सशाच्या गुडघ्यातली ती जखम मुद्दाम केलेली आणि ताजी होती. माणसाची झीज वर्षानुवर्षांची, बऱ्याचदा पाय बाकदार झालेले.

माणसांच्या गुडघ्यांवर अल्ट्रासाउंडच्या उपयोगाचा पुरावा तोकडा आहे. वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१० सालच्या आढाव्यात पाच चाचण्या, ३४१ रुग्ण. वेदना थोडी कमी होत असावी, एवढाच कौल, तोही सावध. तेव्हा 'गादी भरण्याचं पॅकेज' कुणी विकत असेल तर पाकीट खिशातच ठेवलेलं बरं!

मांडीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम मात्र जगभरच्या मार्गदर्शक सूचनांत अग्रभागी आहेत. खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, काही क्षण धरायचा, सावकाश खाली. याला ना जेल लागतं, ना वीज.