एका रोमाची लांबी

सँडफ्लाय कोणत्या जातीची हे सांगायचं तर आधी तिचं डोकं कापावं लागतं. माशी असते जेमतेम दोन-अडीच मिलिमीटरची, अंगभर लव, बसली की पंख पाठीवर उभे. मच्छरदाणीच्या जाळीतून आरामात आत शिरते, गुणगुणत नाही, आणि उडण्यापेक्षा उड्याच जास्त मारते. भिंगाखाली धरली तर ती सँडफ्लाय आहे आणि नर आहे की मादी, एवढं कळतं. पुढची ओळख पटवायला आत बघावं लागतं. मादी असेल तर तोंडाची पोकळी, घसा आणि पोटाच्या टोकाजवळचे शुक्रकोश. नर असेल तर जननेंद्रियांची ठेवण.

आमच्या टेबलावर ती येते अल्कोहोलच्या कुपीत. आत एक चिठ्ठी असते, पेन्सिलीने लिहिलेली, कारण शाई अल्कोहोलमध्ये उतरते. चिठ्ठीवर गाव, तारीख, घर की गोठा, आणि माशी कशी धरली ते: पहाटे टॉर्चच्या उजेडात तोंडाने ओढायच्या नळीने, रात्रभर टांगलेल्या लाइट ट्रॅपने, की एरंडेल चोपडलेल्या कागदावर. मग वॉच ग्लासमध्ये दोन बारीक सुयांनी तिचे तीन भाग करायचे. डोकं आणि पोटाचं टोक स्लाइडसाठी, मधलं धड डीएनएसाठी वेगळ्या नळीत. स्लाइडचे भाग दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवले की आतलं मांस विरघळतं आणि कायटिनचं पारदर्शक कवच उरतं. त्यानंतर पाणी, क्रमाने कडक होत जाणारं अल्कोहोल, लवंगेचं तेल आणि शेवटी कॅनडा बाल्समचा थेंब. खोलीत दिवसभर लवंगेचा वास असतो. डोकं उताणं ठेवायचं, म्हणजे घसा वरून दिसतो. माशी सर्जेंटोमायिया या प्रजातीतली असेल तर तोंडाच्या पोकळीत दातांची रांग ठळक दिसते. फ्लेबोटोमस या प्रजातीत अशी रांग नसते. इथवर काम सरळ आहे. अडचण सुरू होते ती एकाच नावाच्या माश्या वेगवेगळ्या मुलखांतून येऊन शेजारी शेजारी पडल्या की.

या अडचणीचं महत्त्व काळ्या आजारात दिसतं. त्याचा परजीवी लीशमन आणि डोनोव्हन यांनी १९०३ मध्ये जगापुढे ठेवला. तो माणसाच्या अंगात कोण सोडतं याचा पक्का पुरावा मिळायला मात्र १९४२ उजाडलं. स्वामिनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांनी आसामात स्वयंसेवकांना संसर्ग झालेल्या फ्लेबोटोमस अर्जेंटिपिस माश्या चावू दिल्या आणि त्यांना आजार झाल्याचं दाखवलं. गुन्हेगार सापडला, पण एक कोडं तसंच राहिलं. ही माशी महाराष्ट्रात मिळते, तामिळनाडूत मिळते, केरळात आणि श्रीलंकेतही मिळते. काळा आजार मात्र बिहार, झारखंड, पश्चिम बंगाल आणि उत्तर प्रदेश या चार राज्यांतल्या ५४ जिल्ह्यांत ठाण मांडून आहे, त्यांतले ३३ एकट्या बिहारचे. श्रीलंकेत तर त्याच जातीचा परजीवी बहुतेक वेळा त्वचेवर व्रण उठवून थांबतो. याची कारणं अनेक असू शकतात: परजीवीचे वाण, हवेतला दमटपणा, मातीची घरं, माणसं आणि गुरं यांची जवळीक. पण आमच्यासारख्यांच्या मनात पहिली शंका येते ती माशीचीच. सगळीकडे एकच नाव लावलंय, पण माशी एकच आहे का?

ही शंका ज्या अवयवावर येऊन ठेपते तो दाखवायला मला ४०० पट मोठं करून बघावं लागतं. सँडफ्लायच्या मिशीला सोळा खंड असतात. पहिले दोन आखूड आणि गोलसर, पुढचे लांबट. या लांबट खंडांवर काचेसारखे पारदर्शक, किंचित वाकलेले रोम असतात. त्यांना अ‍ॅस्कॉइड म्हणतात आणि बहुधा वास घेण्याच्या कामी ते येतात. चौथ्या खंडावरचा हा रोम खंडाच्या मानाने किती लांब, एवढाच प्रश्न. आयपीसमधल्या पट्टीवर खंडाचं एक टोक शून्यावर आणायचं, रेघा मोजायच्या, मग रोमाच्या बुडापासून टोकापर्यंत मोजायचं आणि भागाकार करायचा. काहींत रोम खंडाच्या निम्म्याच्याही अलीकडे संपतो, काहींत बराच पुढे जातो. के. इळंगो यांनी २०१० मध्ये या माशीची नव्याने मांडणी केली, तेव्हा अर्जेंटिपिस, अ‍ॅनंडेलाय आणि ग्लॉकस अशा तीन जाती वेगळ्या धरल्या. त्यांच्या निकषांत या रोमाला मोठं स्थान आहे.

हे वाचायला जितकं सुटसुटीत वाटतं तितकं ते सूक्ष्मदर्शकाखाली नसतं. मिशी स्लाइडवर अगदी आडवी पडली नाही, तिचं एक टोक बाल्सममध्ये वर राहिलं, तर खंड असतो त्याहून आखूड दिसतो. फोकसचा स्क्रू फिरवला की एक टोक स्पष्ट आणि दुसरं धूसर होतं. मग ती मिशी मोजायची नाही, दुसरी बघायची. रोम वाकलेला असतो, तेव्हा सरळ अंतर धरायचं की वाकावरून मोजायचं हे सुरुवातीलाच ठरवून वहीत लिहावं लागतं. कव्हरस्लिपवर हात जड पडला तर नराची जननेंद्रियं पसरतात आणि त्यांची रुंदी आपल्याच बोटाने वाढवलेली असते. दोन गावांच्या माश्यांत फरक सापडला की आम्ही आधी विचारतो, दोन्ही गावांच्या स्लाइड एकाच माणसाने केल्यात का?

त्यानंतर येतो हवामानाचा हिशेब, कारण माशी केवढी होते हे हवामानावरही ठरतं. पंखाचं मोजमाप हल्ली संगणकावर होतं. आधी पंखावरची लव काढायची, फोटो घ्यायचा, शिरा जिथे फुटतात आणि जिथे कडेला टेकतात त्या ठिकाणी खुणा करायच्या. मग सगळे पंख एका मापाचे करून, फिरवून, एकमेकांवर बसवून उरलेला फरक बघायचा. तो आकाराचा नसून घडणीचा असतो. अशी विभागणी का करायची? कारण आकार लबाड असतो. अळी गोठ्याच्या ओलसर, शेणकुटाच्या मातीत वाढते. थंडीत सावकाश वाढली की माशी मोठी निघते, उकाड्यात भराभर वाढली की लहान. एकाच गोठ्यातल्या दोन ऋतूंच्या माश्या दोन जातींसारख्या दिसू शकतात. म्हणून आम्ही नुसत्या लांबीवर विसंबत नाही, गुणोत्तरांवर विसंबतो. आणि तीही पूर्ण निर्धोक नाहीत. लेन आणि रहमान यांनी १९८० मध्ये पाटण्यातल्या एकाच ठिकाणच्या अर्जेंटिपिसमध्ये या रोमांच्या लांबीतली विविधता नोंदवली होती. एका ठिकाणीच इतका फरक असेल, तर दोन गावांतल्या फरकाला किती किंमत द्यायची?

या प्रश्नाचा सगळ्यात बोलका दाखला ब्राझीलचा आहे. तिथली काळ्या आजाराची वाहक लुत्झोमायिया लाँगिपाल्पिस. तिच्या काही नरांच्या पोटावर फिकट ठिपक्यांची एक जोडी असते, काहींच्या दोन. मांगाबेइरा यांनी १९६९ मध्ये हे लिहिलं, आणि पुढे रिचर्ड वॉर्ड यांच्या गटाने प्रयोगशाळेत दोन्ही प्रकारच्या नर-माद्या एकत्र ठेवून त्यांचं जुळतं का ते पाहिलं. काही जोड्यांचं जुळलंच नाही. सियारा राज्यातल्या सोब्राल शहरात दोन्ही प्रकार शेजारी शेजारी राहतात आणि तरीही वेगळे राहतात. मग कळलं की नर माद्यांना बोलवायला जे गंधद्रव्य सोडतात तेही वेगळं, आणि मीलनाच्या वेळी पंखांनी काढलेला आवाजही वेगळा. पण पुढे असंही दिसलं की एकसारख्या ठिपक्यांचे नर वेगवेगळ्या गावांत वेगवेगळा गंध सोडतात. म्हणजे ठिपक्याने योग्य प्रश्न विचारायला लावला, उत्तर मात्र त्याच्याकडे नव्हतं. अर्जेंटिपिसच्या रोमाचंही मला असंच वाटतं.

महाराष्ट्रात काळा आजार ठाण मांडून नाही म्हणून आमचं टेबल रिकामं राहत नाही. चांदीपुरा विषाणू १९६५ मध्ये नागपूर भागातल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तात सापडला, आणि पुढे औरंगाबादेत धरलेल्या सँडफ्लायमधूनही तो वेगळा काढला गेला. याच विषाणूशी जोडलेल्या साथीत २००३ मध्ये आंध्र प्रदेशात ३२९ मुलं आजारी पडली आणि त्यांतली १८३ दगावली. अशा वेळी गावातून आलेल्या कुपीत सर्जेंटोमायिया किती, फ्लेबोटोमस किती, हे डोकं कापून बघण्यावाचून गत्यंतर नसतं.

काळा आजार रोखायला बिहारात फवारणीवाले घराच्या आणि गोठ्याच्या भिंती आतून सहा फुटांपर्यंत फवारतात. जी माशी चावून त्याच भिंतीवर टेकते ती यात मरते. जी बाहेरच्या बाहेर ताडाच्या झाडावर जाऊन बसते, आणि अर्जेंटिपिस तिथेही सापडली आहे, ती वाचते. आता रोमाचं मोजमाप आणि कुपीतली चिठ्ठी शेजारी ठेवा. आखूड रोमाच्या माश्या घरात जास्त आणि लांब रोमाच्या गोठ्यात जास्त मिळतात का? पोटातलं रक्त एकीत माणसाचं आणि दुसरीत गाईचं निघतं का? डीएनए त्याच रेषेवर दोन गट पाडतो का? ही सगळी उत्तरं एकाच बाजूला झुकली तर त्या दोन जाती आहेत, आणि दोघींसाठी एकच फवारणी हा वेळेचा आणि औषधाचा अपव्यय आहे. ती चार दिशांना फाटली तर रोमाची लांबी ही एकाच जातीतली विविधता ठरते, आणि तिला नवं नाव देऊन आरोग्य खात्याच्या तक्त्यात एक रकाना वाढवण्याचं काहीच कारण नाही.