काचेची तार आणि तिचं कवच

उल्हासनगरच्या कॅम्पांमध्ये खांबाखांबावरून आणि बदलापूरच्या नव्या सोसायट्यांच्या डक्टमधून काळ्या केबल घराघरांत शिरल्या आहेत. नेट बंद पडलं की तंत्रज्ञ येतो, केबल सोलतो, स्ट्रिपरने आतल्या तंतूचं रंगीत कोटिंग ओढून काढतो, उघडी काच स्पिरिटने पुसतो, क्लीव्हरवर सरळ कापतो आणि स्प्लायसिंग मशीनमध्ये दोन टोकं वितळवून जोडतो. कौतुक काचेचं होतं. मला लिहायचं आहे ते त्याने सोलून टाकलेल्या कोटिंगबद्दल, कारण काच इथवर धड पोचली ती त्याच्यामुळे.

तंतू काढणं या पट्ट्याला नवं नाही. शहाडच्या सेंच्युरी रेयॉनमध्ये लाकडाच्या लगद्यापासून केलेलं व्हिस्कोस बारीक छिद्रांतून आम्लात सोडतात आणि त्याचे धागे होतात. ऑप्टिकल फायबरच्या काचेला असं छिद्र परवडत नाही. कशाचा स्पर्श झाला की ओरखडा आलाच. म्हणून ती अधांतरीच ओढावी लागते.

महाराष्ट्रात हे काम चालतं छत्रपती संभाजीनगरला. स्टरलाइट टेक्नॉलॉजीजच्या शेंद्र्याच्या कारखान्यात अतिशुद्ध काचेचे दंडगोल, म्हणजे प्रीफॉर्म, तयार होतात आणि वाळूजला त्यांपासून तंतू ओढले जातात. एवढी शुद्धता कशासाठी? १९६६ साली संशोधक चार्ल्स काओ यांनी दाखवून दिलं, की काच पुरेशी शुद्ध केली तर किलोमीटरभर अंतरावर निदान १ टक्का प्रकाश पोचेल आणि तेवढ्यावर दूरसंचार चालेल. कॉर्निंग या काच कंपनीच्या संशोधकांनी १९७० साली ती मर्यादा ओलांडली. आज किलोमीटरमागे ९५ टक्क्यांहून जास्त प्रकाश शिल्लक राहतो.

ओढण्याचा टॉवर काही मजले उंच असतो. माथ्यावरच्या भट्टीत, २,००० अंश सेल्सिअसच्या आसपास, प्रीफॉर्मचं टोक मऊ होतं. पहिला थेंब स्वतःच्या वजनाने खाली येतो आणि एकतारी पाकासारखी तार मागे सोडतो. मग कोटिंग चढल्यानंतर येणारं खालचं चाक ती ओढत राहतं. जाडी हवी १२५ मायक्रॉन. लेझर ती सतत मोजतो आणि त्यानुसार चाकाचा वेग बदलतो. १०० मिलिमीटर व्यासाच्या, मीटरभर लांब प्रीफॉर्ममधून ६४० किलोमीटर तंतू निघतो, हे साध्या गुणाकाराने कळतं. वर काच मिनिटाला जेमतेम ५ मिलिमीटर सरकते, खाली तंतू सेकंदाला ५० मीटर धावतो. म्हणजे ताशी १८०. बदलापूरची कुठलीही लोकल एवढी पळत नाही.

एवढ्या वेगाची खरी अडचण भट्टीच्या खाली आहे. भट्टीपासून कोटिंगपर्यंत १० मीटर अंतर धरलं, तरी ते कापायला लागतो सेकंदाचा पाचवा भाग. तेवढ्यात काच साधारण ५० अंशांवर आली पाहिजे. गरम राहिली तर कोटिंगचं द्रव रेझिन तिच्यालगत पातळ होतं आणि थर बिघडतो. म्हणून तंतू हेलियम भरलेल्या नळीतून नेतात. हा वायू हवेच्या सुमारे सहापट वेगाने उष्णता वाहून नेतो. तो महाग, आणि आपल्याकडे बाहेरून आणावा लागतो. दुसरी अडचण हवेची. धावता तंतू आपल्यासोबत हवा ओढून आणतो आणि रेझिनमध्ये बुडबुडे राहतात. त्यामुळे तंतू ज्यातून जातो त्या साच्यात, म्हणजे डायमध्ये, रेझिन दाबाखाली भरतात. आतला थर मऊ, बाहेरचा कडक. दोन्ही अतिनील प्रकाशाखाली क्षणार्धात घट्ट होतात. तिथे नायट्रोजन खेळवतात, कारण ऑक्सिजन घट्ट होण्यात अडथळा आणतो. मऊ थर सूक्ष्म वाकणी झेलतो. अशा वाकणीतून प्रकाश गळतो.

शेवटी तंतूची जाडी भरते सुमारे २५० मायक्रॉन. त्याचा छेद घेतला तर पाव भाग काच, पाऊण भाग कोटिंग. त्या पाऊण भागाला या उद्योगातलं निम्मं श्रेय द्यायला हवं. मग प्रत्येक मीटर पाऊण किलोहून अधिक भाराइतका ताणून पाहतात. कच्चा असेल तिथे तो कारखान्यातच तुटतो, रस्त्याखाली गेल्यावर नाही.

तंत्रज्ञ घरी येईल तेव्हा एवढं करा. कापलेले काचेचे तुकडे त्याला झाकणाच्या डबीत टाकायला सांगा. कोटिंग निघालेला तुकडा डोळ्यांना सहज दिसत नाही आणि पायात सहज मोडतो. आणि मोडेमजवळच्या पिवळ्या वायरीतही हीच काच आहे, ती खिळ्याला घट्ट गुंडाळू नका. मोठा वळसा द्या.