वर्षाची नोंद : मजकूर आणि संख्या

भारतीय भाषांतील आरंभीच्या कादंबऱ्यांचा कालक्रम संगणकाच्या साहाय्याने मांडताना सूचीतील प्रकाशनवर्षांचे मजकुरातून संख्येत रूपांतर करावे लागते. ही प्रक्रिया वरवर यांत्रिक असली, तरी तिच्यात अभ्यासकाच्या निर्णयाचा भाग मोठा असतो.

मजकूर म्हणजे चिन्हांची माला. मजकुरांचा क्रम संगणक चिन्हांच्या संकेतांकांवरून लावतो. त्यामुळे मजकूर म्हणून ‘१०’ हे ‘९’च्या आधी येते. युनिकोडमध्ये इंग्रजी अंकांचे संकेतांक ४८ ते ५७, तर देवनागरी अंकांचे २४०६ ते २४१५ असे आहेत. समजा, एका सूचीत बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’चे वर्ष (१८५७) देवनागरी अंकांत आणि ‘दुर्गेशनंदिनी’ (१८६५), ‘करणघेलो’ (१८६६) व ‘इंदुलेखा’ (१८८९) यांची वर्षे इंग्रजी अंकांत नोंदली आहेत. मजकूर म्हणून क्रम लावल्यास चौघींत सर्वांत जुनी असलेली मराठी कादंबरी ‘इंदुलेखा’च्याही मागे, शेवटी जाते.

रूपांतराने हा दोष दूर होतो. पायथन या भाषेत ‘मॅप’च्या साहाय्याने ‘इंट’ हे फंक्शन सूचीतील प्रत्येक नोंदीस लावता येते. ते दोन्ही प्रकारचे अंक ओळखून एकच संख्या देते. जावास्क्रिप्टमधील ‘नंबर’ हे फंक्शन मात्र देवनागरी अंक स्वीकारत नाही. ते ‘संख्या नव्हे’ असे निदर्शक मूल्य परत करते.

अंकांखेरीज अन्य शब्द असलेल्या नोंदींचा प्रश्न अधिक नाजूक आहे. ‘१८६५च्या सुमारास’ अशी नोंद आली, की ‘इंट’ त्रुटी दर्शवून थांबते. पायथनच्याच ‘पांडास’ या संचात अशा नोंदीची जागा रिक्त ठेवण्याचा पर्याय आहे. जावास्क्रिप्टचे ‘पार्सइंट’ मात्र आरंभीचे इंग्रजी अंक घेऊन उरलेला मजकूर सोडून देते. परिणामी, संपादकाने जाणीवपूर्वक नोंदवलेली अनिश्चितता नाहीशी होते आणि अंदाजाला निश्चित वर्षाचे रूप येते.

याहून गंभीर चूक निर्दोष भासणाऱ्या रूपांतरात संभवते. १८५७ हे वर्ष ‘शके १७७९’ असे नोंदलेले असून केवळ अंक वेगळे काढले, तर १७७९ ही संख्या मिळते. संगणक कोणतीही त्रुटी दाखवत नाही. कादंबरी मात्र ७८ वर्षे मागे सरकते. शकवर्ष चैत्रात सुरू होत असल्याने जानेवारीपासून वर्षअखेरपर्यंत हा फरक ७९ असतो. विक्रम संवत व बंगाब्द यांचे फरक आणखी निराळे आहेत.

म्हणून मूळ नोंद जशीच्या तशी जपून कालगणना, निश्चिततेची पातळी आणि रूपांतरित संख्या यांसाठी स्वतंत्र रकाने ठेवणे इष्ट ठरते. अंक वाचणे हे संगणकाचे काम. ते कोणत्या कालगणनेतील आहेत, हे ठरवणे अभ्यासकाचे. कोणत्या भाषेत कादंबरी आधी अवतरली, यासारख्या विधानांची विश्वसनीयता या विवेकावर अवलंबून असते.