वजन नव्हे, वारा

सोलरच्या पाइलचं काम काय, असं विचारलं की बहुतेक जण म्हणतात, वजन पेलणं. वजन कसलं? साडेपाचशे वॉटचं पॅनेल जेमतेम तीस किलोचं, दोन गडी सहज उचलतात. खरी झुंज वाऱ्याशी असते. भारतीय मानकात छत्रपती संभाजीनगरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरलाय, म्हणजे ताशी १४० किलोमीटर. त्याचा दाब चौरस मीटरला नव्वद किलोच्या घरात जातो. तेवढ्या जागेतल्या पॅनेलचं वजन बारा किलो. तिरक्या पॅनेलखाली वारा शिरला की सगळा सांगाडा वर उचलू पाहतो. त्यामुळे पाइल किती भार घेईल यापेक्षा तो उपटायला किती जोर लागेल, हे मी आधी बघतो.

मराठवाड्यात सोलरच्या जागांची माती तपासणं हा माझा धंदा. सौर कृषी वाहिनी योजनेमुळे उपकेंद्रांजवळच्या बऱ्याच जमिनी बघायला मिळतात. बोअर घेण्याआधी मी बांधावरची विहीर शोधतो. तिच्या कडेला सगळा अहवाल उघडाच असतो: वर काळी, खाली चुनखडीची पांढरी, मग मुरूम, मग मांजऱ्या. मुरूम कुठे लागतो, हे शेतकरी न बघताही सांगतो.

वालुकामय जमिनीत पोलादी खांब यंत्राने ठोकून उभे करतात. काम झपाट्याने उरकतं. आपल्याकडे कडक मुरमात तसा खांब वाकतो नाहीतर मुरगळतो. म्हणून ट्रॅक्टरच्या ऑगरने तीनशे मिलिमीटरचं भोक पाडायचं, पिंजरा सोडायचा आणि काँक्रीट भरायचं. दोन मीटरच्या अशा पाइलचं वजन साडेतीनशे किलोच्या आत-बाहेर. त्याच्या वाट्याला पाच पॅनेल आली तर ढोबळ हिशेबाने वारा हजार-बाराशे किलोने ओढणार. मधली तूट मातीच्या घर्षणानेच भरून निघायला हवी.

आणि तिथेच काळी जमीन दगा देते. एप्रिलमध्ये ती दगडासारखी असते, पण भेगा पाइलपासून माती सुटी करतात. पावसाळ्यात तीच फुगते आणि पाइलला धरून वर ढकलते. म्हणून वरच्या भेगाळणाऱ्या थराची पकड मी हिशेबात शून्य धरतो आणि पाइल मुरमात रुतवायला लावतो. मुरूम फारच खोल असेल, तर रूडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने विकसित केलेला, तळाशी फुगीर असलेला अंडर-रीम्ड पाइल कामाला येतो. मात्र सैल मातीत तो फुगवटा नीट कोरणं सोपं नसतं.

हिशेब कितीही केला, तरी पुलआउट टेस्ट टाळू नये. पाइलच्या सळयांना हूक, वर लोखंडी तिकाटणं, चेन पुली, मध्ये लोड सेल आणि बाजूला डायल गेज. ओढ टप्प्याटप्प्याने वाढवायची आणि दर टप्प्याला काटा स्थिरावेपर्यंत थांबायचं. गेजची पट्टी तिकाटण्याच्या पायांपासून लांब रोवायची. पायांखालची माती दबली की पट्टीही हलते आणि मग वाचनाला अर्थ उरत नाही. ही टेस्ट उन्हाळ्यात उरकून मोकळं व्हायची घाई असते. मी निदान काही पाइल पावसानंतर, वापसा यायच्या आधी, पुन्हा ओढायला सांगतो. शेजारच्या शेताचा अहवाल इथे चालवून घेणं मला पटत नाही. एकाच दहा एकरात एका कोपऱ्यात मुरूम हाताला लागतो, तर ओढ्याकडच्या बाजूला काळी संपतच नाही.

कडेच्या रांगांना वारा थेट बसतो, आतल्यांना त्यांचा आडोसा मिळतो. त्यामुळे सगळीकडे एकच लांबी ठेवायची गरज नाही. पण समजा, सगळेच पाइल अर्धा मीटर वाढवले, तर? एका मेगावॉटला साधारण १,८५० पॅनेल, म्हणजे ३७० पाइल. जादा काँक्रीट १३ घनमीटर, मिक्सरच्या दोन-सव्वादोन गाड्या. घासाघीस मात्र नेमकी यावरच होते.