पेनड्राइव्हची पूर्वस्थिती

लिनक्स प्रणाली संगणकावर उतरविण्यासाठी वापरलेला १६ जीबीचा पेनड्राइव्ह पुढे विंडोजला जोडला असता अवघे काही एमबीच दृष्टोत्पत्तीस यावेत, हा अनुभव पुष्कळांना येतो, आणि त्यांतले कित्येकजण चांगली वस्तू निकामी समजून टाकून देतात, याची मनापासून हळहळ वाटते. वस्तुतः जागा कोठेही गेलेली नसते. ड्राइव्हच्या आरंभी असलेल्या विभागांच्या दफ्तरातील नोंदी तेवढ्या बदललेल्या असतात, आणि विंडोजला त्यांचा उलगडा होत नाही.

सबब ते दफ्तर कोरे करावे. प्रशासकाच्या अधिकाराने कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘डिस्कपार्ट’ सुरू करावे व ‘लिस्ट डिस्क’ या हुकमाने यादी मागवावी. येथे घाई सर्वथा वर्ज्य: आकारमानावरून क्रमांक ताडून पाहावा, आणि तरीही शंका उरल्यास पेनड्राइव्ह काढून, यादी पुन्हा मागवून, कोणती ओळ गळली याची खातरजमा करावी, कारण ‘सिलेक्ट डिस्क’ने क्रमांक निवडल्यावर द्यावयाचा ‘क्लीन’ हा हुकूम कसलीही फेरविचारणा न करता अमलात येतो, मग ती डिस्क घरच्या साऱ्या छायाचित्रांची का असेना. त्यानंतर ‘क्रिएट पार्टिशन प्रायमरी’ने नवा विभाग पाडून तो फॉरमॅट करावा.

फॉरमॅट करताना फाइलप्रणाली निवडावी लागते: ४ जीबी वा त्याहून मोठी फाइल फॅट३२ स्वीकारीत नाही, म्हणून सामान्यतः एक्सफॅट इष्ट; जुन्या ध्वनियंत्रासाठी मात्र फॅट३२च बरे. ड्राइव्ह परक्याच्या हाती द्यावयाचा असल्यास ‘क्लीन ऑल’ वापरावे, कारण नुसत्या ‘क्लीन’ने जुना मजकूर पुसला जात नाही.