संगणकाच्या उंबरठ्यावर

काल सायंकाळपर्यंत बिनतक्रार चालणारी आज्ञा आज सकाळी लॉगिन करताच ‘सापडत नाही’ म्हणून परत यावी, हा अनुभव युनिक्स कुळातील संगणक वापरणाऱ्यास कधी ना कधी येतोच. यंत्र बिघडले, अशी त्याची समजूत होते. वस्तुतः दोष बहुधा यंत्रात नसून उंबरठ्यावर असतो.

माणूस आणि यंत्र यांच्यामध्ये शेल नावाचा दुभाषी बसलेला असतो. त्यांपैकी बॅश हा शेल ब्रायन फॉक्स यांनी लिहिला आणि तो १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. लॉगिन होताच तो प्रथम सर्वांसाठी असलेली ‘/ईटीसी/प्रोफाइल’ ही फाइल वाचतो. नंतर त्या माणसाच्या स्वतःच्या डिरेक्टरीत ‘.बॅश_प्रोफाइल’, ‘.बॅश_लॉगिन’ आणि ‘.प्रोफाइल’ या तिघींचा याच क्रमाने शोध घेतो. परंतु जी पहिली हाती लागेल तेवढीच वाचतो, उरलेल्यांकडे ढुंकूनही पाहत नाही. खरी मेख येथेच आहे. एखाद्या नव्या साधनाने ‘.बॅश_प्रोफाइल’ निर्माण केली, की वर्षानुवर्षे वापरात असलेली ‘.प्रोफाइल’ निमूटपणे बाजूस पडते आणि आज्ञा कोठे शोधाव्यात हे सांगणारा तिच्यातील ‘पाथ’ही तिच्याबरोबर जातो. उलट, लॉगिनाविना उघडलेली संवादी खिडकी ‘.बॅशआरसी’ वाचते. म्हणूनच एकाच यंत्रावर दोन ठिकाणी दोन तऱ्हा दिसतात.

निदान क्रमाने करावे. ‘एको $०’ असे विचारता उत्तराच्या आरंभी आडवी रेघ आली, तर शेल लॉगिनचा होय. मग कोणत्या फाइली अस्तित्वात आहेत ते पाहावे. त्यांची नावे टिंबाने सुरू होत असल्यामुळे साध्या यादीत त्या दिसत नाहीत. ‘एलएस -ए’ म्हणावे लागते. तरीही उलगडा न झाल्यास ‘बॅश -एलएक्स’ चालवावे; शेल प्रत्येक आज्ञा पार पाडताना ती डोळ्यांसमोर मांडत जातो. इलाज मात्र साधा आहे: ‘.प्रोफाइल’ वाचावयास सांगणारी एक ओळ ‘.बॅश_प्रोफाइल’मध्ये घालावी.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. दुरुस्तीच्या वेळी चालू खिडकी बंद करू नये. दुसरीतून लॉगिन करून पाहावे. फाइलीत चुकून ‘एक्झिट’ हा शब्द राहिला, तर शेल उघडताच मिटतो, आणि दूरच्या सर्व्हरवर धन्यालाच दाराबाहेर उभे राहावे लागते. कुलूप दुरुस्त करावयाचे ते घरात एक माणूस ठेवूनच!