सायकलवाली पोर पुढे काय होईल?

बचत गटाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशोब झाला की गप्पा घरातल्या पोराबाळांवर येतात. मध्यंतरी धरणगावकडच्या एका माउलीने विचारलं, ‘‘ताई, आमची नववीतली पोरगी शाळेच्या रस्त्यावर पोरांनाही मागे टाकते. तिचं सायकलमध्ये काही होईल का वो?’’ शेजारची पटकन म्हणाली, ‘‘होईल ना, लग्न होईल!’’ सगळ्या हसल्या. ती मात्र हसली नाही. मग मीही मनावर घेतलं आणि बरंच वाचून काढलं.

सायकलच्या जगात सगळ्यात मानाच्या शर्यती तीन. इटलीची जिरो, फ्रान्सची टूर आणि स्पेनची व्हुएल्टा. तीन आठवडे, २१ टप्पे, साधारण साडेतीन हजार किलोमीटर. म्हणजे जळगावहून कन्याकुमारी गाठायची आणि तसंच परत यायचं, तेही डोंगर चढत! बायकांची टूर २०२२ साली नव्या रूपात सुरू झाली. ती लहान असते. २०२५ मध्ये तिचे नऊ टप्पे होते.

ही शर्यत पुढे कोण जिंकेल, हे लहानपणीच ओळखता येतं का? थोडंफार येतं. तेवीस वर्षांखालच्या मुलांसाठी फ्रान्समध्ये ‘टूर द लाव्हनीर’ नावाची शर्यत होते. लाव्हनीर म्हणजे भविष्य. कोलंबियाच्या एगन बर्नालने ती २०१७ मध्ये जिंकली आणि दोनच वर्षांत मोठी टूरही जिंकली. स्लोव्हेनियाचा तादेय पोगाचार २०१८ मध्ये तिथे पहिला आला, आणि त्याने २०२५ पर्यंत चार वेळा टूर जिंकली.

पण दुसरी बाजूही बघा. प्रिमोझ रोग्लिच तरुणपणी बर्फावरच्या उताराहून उड्या मारण्याचा खेळ खेळायचा. सायकलकडे तो विशी उलटल्यावर वळला. योनास विंगेगार्ड मासळीच्या कारखान्यात काम करायचा. नेदरलँडची आनमिक फान फ्लॉइटन फुटबॉल खेळायची. गुडघा दुखावला म्हणून ती सायकलवर आली. २०२२ ची बायकांची टूर तिने जिंकली तेव्हा तिचं वय होतं ३९! आपल्याकडे एकोणचाळिशीत बाई जिना चढली तरी ‘जरा जपून’ म्हणतात.

मग जाणकार बघतात तरी काय? नुसते कप मोजत नाहीत. पायडलवर किती जोर पडतो ते यंत्राने मोजतात आणि त्याला वजनाने भागतात. चढावर हाच आकडा खरं बोलतो. त्यातही चार तास सायकल हाणल्यावर तो जोर किती उरतो, दुसऱ्या दिवशी पाय पुन्हा ताजे होतात का, हे महत्त्वाचं. चौदाव्या वर्षी पहिली येणारी मुलगी कधीकधी फक्त लवकर वाढलेली असते. मागची सावकाश वाढते आणि विशीत पुढे जाते. म्हणून मला वाटतं, शाळकरी वयात ‘ही होणार, ती नाही होणार’ असा शिक्का मारूच नये.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, ती आपण आयांनीच सांभाळायची. पाळी सुरू झाल्यावर अंग बदलतं, वेग काही काळ थांबल्यासारखा होतो. नेमकं तेव्हाच घरचे म्हणतात, झालं आता, पुरे. वर वजन कमी करायचं खूळ असतं. २०२५ ची विजेती पोलिन फेरां-प्रेव्होने शर्यतीसाठी वजन बरंच उतरवलं होतं, त्यावर खूप चर्चा झाली. ती तेहतीस वर्षांची, जाणती खेळाडू. आपल्या पोरीने मात्र उपास करू नये. पोटात कमी गेलं की पाळी बंद पडते, हाडं ठिसूळ होतात. कळण्याची भाकरी, शेंगदाणे, दूध, हिरवी भाजी पोटभर द्या आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. धाप लागते ती दर वेळी आळसाने नसते.

आपल्या मुली कुठे कमी आहेत असं नाही. २०२२ मध्ये दिल्लीत आशियाई ट्रॅक स्पर्धेत महाराष्ट्राच्या मयूरी लुटे आणि शुशिकला आगाशे बंगालच्या त्रियाशा पॉलबरोबर सांघिक कांस्यपदक घेऊन आल्या. संगमनेरच्या प्रणिता सोमणने डोंगरातल्या सायकलिंगमध्ये नाव कमावलं. जानेवारी २०२६ मध्ये पुण्यात पाच दिवसांची आंतरराष्ट्रीय शर्यत झाली, पण ती पुरुषांची.

आपल्या खानदेशात सायकली आहेत. मानव विकास कार्यक्रमातून कितीतरी तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना त्या मिळाल्या. मी गावोगाव फिरते तेव्हा त्यातल्या काहींवर दुधाच्या कॅन दिसतात आणि चालवणारा असतो भाऊ. पोरगी पायी. यात हेरणाऱ्याने काय हेरावं?

त्या माउलीला मी एवढंच सांगितलं, की शाळेतल्या क्रीडाशिक्षकांना भेट. शालेय स्पर्धांत सायकलिंग आहे, जिल्हा क्रीडा कार्यालयात तारखा कळतात. सीट तिच्या उंचीला लाव, हेल्मेट घे. हायवेवर पाठवू नको, आणि एप्रिल-मेमध्ये ऊन चढायच्या आत घरी बोलव. गावाजवळचा एकच चढ घे, किती मिनिटं लागली ते वहीत लिही आणि तीन महिन्यांनी पुन्हा बघ.

‘‘आणि घरातलं पाणी कोण भरेल?’’ तिने विचारलं. ‘‘भाऊ आहे ना,’’ मी म्हटलं.